२३० व्होल्ट दाराबाहेर

कुठल्याही डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटचं झाकण काढलं की एका कोपऱ्यात एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, पत्र्याचा डबा दिसतो. त्यावर पिवळ्या त्रिकोणात विजेचा बाण असतो आणि डबा उघडू नका अशी ताकीद असते. ताकीद रास्त आहे. भिंतीतल्या सॉकेटमधले २३० व्होल्ट त्या डब्यात शिरतात, डायोडमधून जाऊन डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) होतात आणि एका जाडजूड कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागावर, सुमारे ३२५ व्होल्ट होऊन बसतात. प्लग उपसला तरी तो कपॅसिटर लगेच रिकामा होईलच असं नाही. म्हणूनच दुरुस्तीच्या धंद्यातली मुरलेली माणसंसुद्धा एसएमपीएस सहसा उघडत बसत नाहीत, सरळ बदलून टाकतात.

या एका डब्यामुळे अख्ख्या कॅबिनेटचाच घरात धाक बसतो. रॅमची पट्टी, एसएसडी, पंखा, मदरबोर्ड यांतल्या कशालाही १२ व्होल्टच्या वर काही लागत नाही. प्रोसेसर तर साधारण एका व्होल्टवर चालतो. पण धोक्याची वस्तू आणि निरुपद्रवी वस्तू एकाच पेटीत नांदतात, त्यामुळे मुलांना सगळी पेटीच बंद. "हात लावू नकोस, शॉक बसेल" हे वाक्य ऐकत आपल्याकडच्या कितीतरी मुलांचं लहानपण सरलं. संगणक वापरता येणारी आणि त्याच्या आत काय आहे हे कधीच न पाहिलेली माणसं घरोघरी आहेत, त्याचं एक कारण मला इथे दिसतं.

भाचीसाठी, म्हणजे खरं तर भाचीबरोबर, मी जो छोटा संगणक बांधला त्यात हा डबा नाही. तो बाहेर आहे, जमिनीवर, लॅपटॉपच्या अडॅप्टरच्या रूपात. वीज आत येते ती १९.५ व्होल्टची डीसी होऊनच. जुन्या वाड्यात परक्या माणसाला आधी देवडीवर थांबवत, विचारपूस होई आणि मगच चौकात सोडत. तसे २३० व्होल्ट देवडीवरच अडवायचे.

भाची आठवीत आहे. माझी अट एकच होती, संगणक तिने स्वतः जोडायचा. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड घेतला. हा १७० बाय १७० मिलिमीटरचा आकार तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणला आणि छोटे संगणक बांधणाऱ्यांचा तो तेव्हापासूनचा आधार आहे. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, कारण त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं, वेगळं कार्ड लागत नाही. १६ जीबी रॅम, बोर्डवरच बसणारी एसएसडी, एक बुटका पंखा. एसएमपीएसच्या जागी डीसी-डीसी बोर्ड: तळहातावर मावेल एवढी सर्किटची पट्टी, एका बाजूने अडॅप्टरची डीसी घेणारी आणि दुसऱ्या बाजूने मदरबोर्डच्या २४ पिनी सॉकेटला हवे ते १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवणारी.

जागा किती वाचते ते आकड्यांतच बघण्यासारखं आहे. एटीएक्स या डेस्कटॉपच्या प्रमाण मापाचा नेहमीचा एसएमपीएस १५० बाय १४० बाय ८६ मिलिमीटरचा, म्हणजे १.८ लिटर. ॲसरॉकचा डेस्कमिनी एक्स३०० हा अख्खा संगणक १.९२ लिटरचा आहे, कारण त्याचाही अडॅप्टर बाहेर असतो. जेवढ्या जागेत नुसता वीजपुरवठा बसायचा, तेवढ्यात सगळा संगणक बसला.

"मामा, यात शॉक कुठे बसतो?" सगळे भाग टेबलावर मांडल्यावर तिने विचारलं.

"यात नाही. त्यात." मी अडॅप्टरकडे बोट दाखवलं.

"मग तो उघडून दाखव ना."

चालू अडॅप्टर उघडायचा प्रश्नच नव्हता. पण कपाटात एक मेलेला अडॅप्टर बरेच महिने पडून होता. त्याची दोन कवचं कारखान्यात वितळवून सांधलेली असतात, स्क्रू नसतो. सांध्यावर जुनी पटाशी धरून हलके ठोके दिले तेव्हा कुठे तो फुटला. आधी मोठ्या कपॅसिटरच्या दोन पायांवर मल्टिमीटर लावून शून्य पाहिलं आणि मगच तो तिच्या हातात दिला.

आत पत्र्याचं आवरण, त्याखाली पांढरा सिलिकॉन आणि पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. बोर्ड उलटा केला तेव्हा खरी गोष्ट दिसली. सोल्डरच्या रेषांची दाट वस्ती दोन भागांत विभागलेली आणि मधून एक मोकळा पट्टा गेलेला. सहा मिलिमीटरहून थोडा रुंद, तांब्याचा कणही नसलेला. पट्ट्याच्या अलीकडे २३० व्होल्टची बाजू, पलीकडे १९ व्होल्टची. एका ठिकाणी तर बोर्ड आरपार कापून खाच पाडली होती, धूळ आणि ओल साचून वाट तयार होऊ नये म्हणून. हा पट्टा ओलांडायला मोजक्याच वस्तूंना परवानगी. ट्रान्सफॉर्मर ओलांडतो तो चुंबकीय क्षेत्राने, तारेने नाही. ऑप्टोकपलर नावाची इवलीशी चिप ओलांडते ती उजेडाने: पलीकडे किती व्होल्ट झाले याची खबर अलीकडे पोचवायला तिच्या आत एक एलईडी लुकलुकतो आणि समोरचा सेन्सर तो पाहतो. तिसरा तो निळा, चकतीसारखा कपॅसिटर. त्याच्याकडे पुढे यायचंच आहे.

भाचीने नख त्या मोकळ्या पट्ट्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. "म्हणजे एवढ्याशा जागेवर सगळं अवलंबून?" तिने विचारलं. हो, एवढ्याशाच. आणि ही जागा सोडायला पैसे पडतात. एका ओळखीच्यांकडचा स्वस्तातला नकली अडॅप्टर मी पूर्वी उघडला होता. त्यात खाच नव्हती, पट्टा जेमतेम दोन मिलिमीटरचा, आणि बोर्डवर फिल्टरच्या सुट्या भागांची नावं छापलेली, पण भाग बसवलेलेच नाहीत. बाहेरून दोन्ही अडॅप्टर सारखेच काळे ठोकळे. हातात घेतल्यावर मात्र तो नकली हलका लागत होता.

म्हणून माझं ठाम मत आहे की असा संगणक बांधताना कुठे हात आखडायचाच असेल तर तो कॅबिनेटवर आखडावा, एसएसडीवर आखडावा, अडॅप्टरवर नाही. सगळा धोका एका डब्यात गोळा केला, तर तो डबा चोख असायला हवा. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा अडॅप्टरना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, सक्तीची नोंदणी लागते. लेबलवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' अक्षरानंतर आठ आकडी क्रमांक असतो. तो वाचावा आणि बीआयएसच्या ॲपमध्ये टाकून कुणाच्या नावावर आहे ते पाहावं. लेबलवर रोमन सहाचा आकडा दिसला तर तो कार्यक्षमतेचा. ही पातळी अमेरिकेत २०१६ पासून सक्तीची झाली. ४९ वॅटच्या वरच्या नेहमीच्या अडॅप्टरला तिच्यात सरासरी किमान ८८ टक्के कार्यक्षमता लागते. म्हणजे संगणक ६० वॅट घेत असेल तर अडॅप्टरमध्ये आठेक वॅटची उष्णता होते. एवढी उष्णता कॅबिनेटबाहेर राहते, आतला पंखा त्या मानाने संथ फिरतो. मात्र अडॅप्टर गादीखाली, पडद्याआड किंवा कपड्यांच्या ढिगात टाकायचा नाही. हवा लागली पाहिजे.

आता अडॅप्टर १२ व्होल्टचा घ्यावा की १९ चा, हा प्रश्न. असा संगणक पहिल्यांदा बांधणारा बहुतेक जण १२ व्होल्टकडे वळतो, कारण बाजारात सगळ्यांत छोटे डीसी-डीसी बोर्ड १२ व्होल्टचे मिळतात. २४ पिनी प्लगवरच बसणारे, बोटभर लांबीचे. त्यांचं गुपित असं की ते १२ व्होल्ट बनवतच नाहीत. अडॅप्टरचे १२ व्होल्ट तसेच पुढे सोडतात, फक्त ५ आणि ३.३ तयार करतात. कल्पना सुरेख आहे, आणि ३०-४० वॅटच्या शांत संगणकाला मी आजही तेच सुचवीन. पण वॅट वाढले की गणित आडवं येतं. १२० वॅट १२ व्होल्टवर न्यायचे म्हणजे १० अँपिअर. अडॅप्टरची तार सव्वा मीटरच्या आसपास, जाऊन-येऊन अडीच मीटर, आणि नेहमीच्या जाडीच्या तारेत तेवढ्या लांबीला साधारण ०.०५ ओहम. म्हणजे अर्धा व्होल्ट तारेतच जिरला आणि पाच वॅटनी तार गरम झाली. निघाले १२, पोचले ११.५. एटीएक्सच्या नियमाप्रमाणे १२ व्होल्टची रेषा ११.४ च्या खाली जाता कामा नये. आपण कड्यावर उभे.

तेच १२० वॅट १९.५ व्होल्टवर ६.१५ अँपिअरमध्ये भागतात. बंद पडलेल्या लॅपटॉपचा जो अडॅप्टर घरात शिल्लक होता, त्याच्या लेबलवर नेमका हाच आकडा आहे. तारेत ०.३ व्होल्ट पडतात, पण त्याची फिकीर नाही, कारण १६ ते २४ व्होल्ट घेणारा डीसी-डीसी बोर्ड आत स्वतः नव्याने १२ व्होल्ट तयार करतो. शिवाय अडॅप्टर थोडा वरखाली झाला तर ते मदरबोर्डपर्यंत पोचत नाही. देवडीच्या आत हे दुसरं दार आहे, आणि मला ते हवं होतं.

ते का हवं होतं, ते इतिहासात आहे. १९८२ च्या कमोडोर ६४ चा वीजपुरवठा बाहेरच्या ठोकळ्यात होता, राळ ओतून बंद केलेला. तो म्हातारा झाला की त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर बिघडायचा, आणि बिघडताना खाली न जाता वर जायचा. ५ च्या जागी जास्त व्होल्ट थेट रॅमच्या चिपांवर. जुने कमोडोर जपणारी मंडळी आजही मूळ ठोकळा आधी बाजूला काढतात. त्याच वर्षीच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमने वेगळी वाट धरली होती. ठोकळ्यातून ९ व्होल्ट ढोबळ येत, आणि चोख ५ व्होल्ट करणारा रेग्युलेटर यंत्राच्या आत. तो तापायचा, पण आतली घडी सांभाळायचा. भारतात १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स परवान्याखाली स्पेक्ट्रम प्लस विकत असे. त्या पिढीतल्या अनेकांनी पहिला संगणक पाहिला तो हा. त्याच्या प्लगमध्ये मधली पिन ऋण होती, आणि आजच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये ती धन असते. त्यामुळे पिन बसते म्हणून लावून टाकली, असं कुठल्याच काळात चालत नाही. लेबलवरचं ते गोलातल्या ठिपक्याचं चिन्ह वाचायलाच हवं.

ॲपलचा जी४ क्यूब २००० साली पंख्याशिवाय चालला, त्यालाही वीजपुरवठा बाहेर होता. २००५ च्या मॅक मिनीसोबत पांढरा ठोकळा येत असे, आणि २०१० मध्ये तो आत गेला. बाहेरचा ठोकळा कुरूप म्हणून त्याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. २०२१ च्या आयमॅकमध्ये ॲपलने तो परत बाहेर काढला, आणि पडदा साडेअकरा मिलिमीटर जाडीचा झाला.

पिनेसाठी आम्ही दोघं तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात बुधवार पेठेतल्या या गल्लीत सुट्या भागांच्या दुकानात उभं राहून काय हवं ते नेमकं सांगता येणं हीच एक परीक्षा असते. डीसी पिन बाहेरून ५.५ मिलिमीटरची, पण आतलं भोक २.१ चं की २.५ चं ते डोळ्यांना कळत नाही. २.१ च्या सॉकेटमध्ये २.५ चा प्लग जातो खरा, पण आत सैल बसतो, ठिणग्या पडतात, प्लास्टिक तपकिरी होतं. आणि एरवीही या गोल पिना साधारण पाच अँपिअरपर्यंतच्या. म्हणून आमच्या डीसी-डीसी बोर्डाला ७.४ मिलिमीटरचं जाड सॉकेट घेतलं, जे मोठ्या लॅपटॉपना असतं. त्या अडॅप्टरच्या मधोमध आणखी एक बारीक पिन आहे, लॅपटॉपला आपली ओळख सांगणारी. आमच्या बोर्डाला ती ओळख लागत नाही, ती तशीच मोकळी राहते. दुकानदारकाकांनी सॉकेट काउंटरवर ठेवून मला नाही, भाचीला विचारलं, "किती अँपिअर जाणार यातून?" तिने "सहा, पॉइंट वन फाइव्ह" सांगितलं आणि त्यांनी मान हलवून बिल केलं.

घरी आल्यावर जोडणी. हातातलं स्टीलचं कडं मी तिला काढायला लावलं. १९ व्होल्टचा शॉक जाणवत नाही, सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत कोरड्या हाताला ६० व्होल्टपर्यंतची डीसी सुरक्षित गटात धरतात. पण सहा अँपिअर एखाद्या कड्यातून शॉर्ट झाले तर ठिणगी पडते आणि धातू चटका देतो. एवढी एक गोष्ट सोडली तर मी खुर्ची मागे घेऊन बसलो. अडॅप्टरची पिन मोकळी असताना तिने मीटरने मोजून पाहिली: आतली बाजू धन, १९.६ व्होल्ट. मग २४ पिनी प्लग, मग प्रोसेसरचा वेगळा चार पिनी प्लग. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, प्रोसेसरला ६५ ऐवजी ४५ वॅटची मर्यादा घातली. ६५ वॅटचा म्हणवणारा हा प्रोसेसर मोकळा सोडला तर ८८ वॅटपर्यंत ओढू शकतो, ४५ च्या मर्यादेत राहिला तरी ६०-६१ पर्यंत. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखा धरून ८५ च्या आसपास, म्हणजे १२० च्या अडॅप्टरला श्वास घ्यायला जागा राहिली. अभ्यास, व्हिडिओ आणि पायथनमधल्या प्रोग्रामिंगसाठी त्या मर्यादेने काही फरक पडला नाही.

आता तो निळा कपॅसिटर. अडॅप्टर दोन पिनी असेल तर धातूच्या कॅबिनेटला हाताची मागची बाजू लावल्यावर बारीक झिणझिण जाणवते. धातूच्या लॅपटॉपवरही अनेकांना ती जाणवली असेल. तो कपॅसिटर उच्च फ्रिक्वेन्सीचा गोंगाट शमवायला दोन बाजूंना जोडलेला असतो, आणि त्यातून अगदी किंचित, मिलिअँपिअरच्या अंशाएवढी गळती होते. चांगल्या अडॅप्टरमध्ये ती निरुपद्रवी असते. तीन पिनी अडॅप्टरमध्ये बहुधा डीसीची ऋण बाजू अर्थिंगला जोडलेली असते, त्यामुळे झिणझिण जाते. पण कधी? घराला अर्थिंग असेल तर. जुन्या इमारतींत सॉकेटचं वरचं मोठं भोक कित्येकदा नुसतं भोकच असतं, मागे तार नसते. आमच्या बहिणीच्या घरी इलेक्ट्रिशियनने फेज आणि अर्थिंगमध्ये मीटर लावून २३० च्या जवळचा आकडा दाखवला, तेव्हाच संगणक त्या खोलीत गेला. अडॅप्टर कितीही उत्तम घ्या, हे काम तो तुमच्यासाठी करू शकत नाही.

वीज जाण्याचं प्रकरण आपल्याकडे वेगळं काढूनच बोलावं लागतं. घरचा इन्व्हर्टर असला तरी बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पडतो. इन्व्हर्टरमागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावलं की हा खंड पुष्कळ कमी होतो. मधला वेळ अडॅप्टरच्या त्या मोठ्या कपॅसिटरमधला साठा निभावून नेतो, आणि १२० वॅटचा अडॅप्टर ३० वॅटवर चालत असेल तर साठा जास्त पुरतो. थोडा मोठा अडॅप्टर घ्यावा म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे. मला खरं खुपतं ते दुसरंच. बॅटरीची १२ व्होल्ट डीसी, तिचे इन्व्हर्टरने २३० व्होल्ट एसी करायचे, अडॅप्टरने त्याची पुन्हा १९ व्होल्ट डीसी करायची, बोर्डाने त्याचे परत १२ करायचे. प्रत्येक टप्प्यावर थोडी वीज उष्णता होऊन जाते. राऊटरसाठी आता घराघरांत तो छोटा १२ व्होल्टचा डीसी यूपीएस आलाय, जो हा सगळा फेरा टाळतो. संगणकाची वीज एकदा डीसीवर आली की त्यालाही हीच वाट मोकळी होते. फक्त बॅटरी थेट त्या १२ व्होल्टच्या बोटभर बोर्डाला जोडू नये; चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते आणि ते व्होल्ट तसेच मदरबोर्डवर जातील. त्यासाठी ११-१२ पासून वीस-पंचवीसपर्यंत काहीही घेणारे बोर्ड वेगळे मिळतात, मुळात गाडीत बसवण्यासाठी केलेले.

या मांडणीला मर्यादा आहे आणि ती मोठी आहे. ताकदीचं ग्राफिक्स कार्ड लागणाऱ्याने हा मार्ग धरू नये. नुसतं कार्डच दोनशे-तीनशे वॅट मागतं. तिथे आतला एसएमपीएसच योग्य.

पण बाकीच्या, म्हणजे बहुसंख्य घरांतल्या संगणकांना हे पुरेसं आहे, आणि उद्योगही हळूहळू त्याच दिशेला सरकतोय. इंटेलच्या २०२० च्या सुमाराच्या एटीएक्स-१२व्हीओ नियमात २४ पिनांच्या जागी १० पिना आल्या आणि वीजपुरवठ्याने फक्त १२ व्होल्ट द्यायचे ठरले. ५ आणि ३.३ मदरबोर्ड स्वतः करून घेतो. यूएसबी-सीच्या २०२१ च्या नियमाने ४८ व्होल्टवर २४० वॅटपर्यंत मजल मारली, तीही त्या ६० व्होल्टच्या मर्यादेच्या आत राहून. आणि मागच्या बाजूला थेट १९ व्होल्टचं सॉकेट असलेले, वेगळा डीसी-डीसी बोर्ड न लागणारे थिन मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड तर दशकाहून अधिक काळापूर्वीच येऊन गेले. आज दुकानात मागितले तर बहुतेक ठिकाणी "ऑर्डरवर बघावं लागेल" असं उत्तर मिळतं. मला ते बोर्ड परत हवे आहेत, साध्या किमतीत, शाळेच्या पोरांना परवडतील असे. एक बोर्ड, एक चोख अडॅप्टर, आणि पेटीच्या आत कुठेही हात घातला तरी चालेल.